सुई कधी मिटली, हे कोणाला कळते?

डिझेल इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरत असते तेव्हा क्रँकशाफ्टला एक अंश सरकायला साधारण ८३ मायक्रोसेकंद लागतात. इंजेक्टरला आपले काम या हिशेबात बसवावे लागते: आधी एक-दोन छोटे फवारे, मग मुख्य फवारा, गरज पडली तर मागाहून आणखी एखादा. आधीचा छोटा फवारा सुमारे एक घन मिलिमीटरचा असतो. पाण्याचा नेहमीचा थेंब ५० घन मिलिमीटरच्या आसपास भरतो, त्यावरून हे माप किती बारीक आहे ते लक्षात यावे. हा फवारा चुकला तर मुख्य फवाऱ्याचे डिझेल उशिरा आणि एकदम पेट घेते, इंजिन खडखडते, नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. तो जास्त झाला तर धूर वाढतो. १६०० ते २००० बार दाबाखालचे डिझेल इतके मोजून सोडायचे तर झडप हलवणारे साधन कोणते असावे? तारेच्या वेटोळ्याचे सोलेनॉइड, की विजेने लांबणारे पीझो सिरॅमिक? गेली पंचवीस वर्षे हा वाद चालू आहे.

त्या वादाच्या दोन बाजू इथे दोघांच्या तोंडी घातल्या आहेत. एक इंजिन-संशोधन विभागातली इंजिनिअर, दुसरे पंप-नोझलच्या दुकानात उमर काढलेले मिस्त्री. माणसे कल्पित आहेत, मुद्दे मात्र या धंद्यात रोज ऐकू येणारे आहेत. मधे मधे मी माझे म्हणणे मांडणार आहे, कारण दोघेही ज्या एका गोष्टीवर भांडतात, ती मला दुय्यम वाटते.

इंजिनिअर : मिस्त्री, सुरुवात पदार्थापासून करू. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं. उलटंही घडायला हवं, वीज दिली तर स्फटिकाचा आकार बदलायला हवा, हे गाब्रिएल लिपमान यांनी १८८१ मध्ये गणितानं मांडलं आणि क्युरी बंधूंनी लगेच प्रयोगानं पडताळलं. इंजेक्टरमध्ये आपण हा उलटा परिणाम वापरतो. शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडचं सिरॅमिक असतं, त्याला पीझेडटी म्हणतात. अडचण एवढीच की ते फार थोडं लांबतं, हजारात एक-दीड भाग. शिवाय त्यासाठी जाडीच्या दर मायक्रॉनमागे दोनेक व्होल्ट लागतात. ३० मिलिमीटरचा अखंड दांडा घेतला असता तर ६०,००० व्होल्ट द्यावे लागले असते! म्हणून ८०-१०० मायक्रॉन जाडीचे शेकडो थर, प्रत्येक दोन थरांमध्ये धातूचा पातळ पत्रा, असा एकसंध भाजलेला गठ्ठा करतात. मग १५०-२०० व्होल्टमध्ये काम भागतं. गठ्ठा ४० मायक्रॉनच्या आसपास लांबतो, पण मायक्रोसेकंदांत लांबतो आणि प्रचंड जोरानं ढकलतो. सोलेनॉइडमध्ये आधी वेटोळ्यात प्रवाह चढायचा, चुंबकत्व तयार व्हायचं, मग लोखंडी आर्मेचर स्प्रिंगच्या विरुद्ध हलायचं. त्यात वेळ जातोच.

मिस्त्री : मॅडम, चाळीस मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. नोझलची सुई त्याच्या कितीतरी पट उचलावी लागते. म्हणजे तुमचा गठ्ठा सुईला हातच लावत नाही. तो एक बारीकशी झडप दाबतो, सुईच्या डोक्यावरच्या खोलीतलं डिझेल रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत जातं, तिथला दाब पडला की रेलचा, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला, दाब सुईला वर ढकलतो. हेच काम सोलेनॉइडचा इंजेक्टरही करतो. सुई किती जलद उठणार ते त्या खोलीच्या बारीक भोकांवर ठरतं. मग पुढचं टोक तेलावर चालत असताना मागचं टोक विजेसारखं चपळ असून उपयोग काय?

हा आक्षेप वजनदार आहे आणि पीझोच्या जाहिरातवजा वर्णनांत तो बहुधा गाळला जातो. पहिल्या दोन्ही मोठ्या पीझो इंजेक्टरांची रचना अशी अप्रत्यक्षच होती. इतिहास थोडक्यात सांगायचा तर १९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ ही कॉमन रेल बसवलेली पहिली प्रवासी मोटार आली. तिचे इंजेक्टर सोलेनॉइडचे आणि दाब १३५० बार. सीमेन्सने २००० साली पीझोवर चालणारी कॉमन रेल उत्पादनात आणली. बॉशची २००३ मध्ये आली, औडी ए८ च्या तीन लिटरच्या इंजिनावर, १६०० बार दाबाने. २००५ साली जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते दिला जाणारा तंत्रज्ञानाचा पुरस्कार सीमेन्स आणि बॉश या एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांच्या तंत्रज्ञांना याच कामासाठी मिळून देण्यात आला. बॉशने गठ्ठा इंजेक्टरच्या अंगातच, सुईच्या जवळ बसवला; त्यामुळे हलणाऱ्या भागांचे वजन १६ ग्रॅमवरून ४ ग्रॅमवर आल्याचे कंपनीने सांगितले होते. गठ्ठा आणि झडप यांच्यामध्ये डिझेलनेच भरलेला एक छोटा हायड्रॉलिक जोड असतो. गठ्ठ्याची हालचाल झडपेपर्यंत पोहोचवणे आणि इंजिन तापल्यावर धातू व सिरॅमिक वेगवेगळे प्रसरण पावतात त्याचा फरक गिळणे, ही दोन्ही कामे तो करतो. म्हणजे मिस्त्री म्हणतात ते खरे आहे: वीज आणि सुई यांच्यामध्ये तेल आहे. तरीही या इंजेक्टरांनी आधीच्या सोलेनॉइडपेक्षा लहान फवारे अधिक जवळजवळ आणि अधिक सारखे दिले. त्यातल्या ‘सारखे’ या गुणाकडे मला लक्ष वेधायचे आहे, कारण दोघेही अजून ‘जलद’ याच गुणाभोवती फिरत आहेत.

मिस्त्री : जलद म्हणा, सारखे म्हणा, कंपन्या परत का गेल्या ते सांगा. बीएमडब्ल्यूनं २००६ मध्ये पेट्रोलच्या सहा सिलिंडर इंजिनाला पीझो दिले आणि २००९ च्या पुढच्या इंजिनात सोलेनॉइडवर आली. फोक्सवॅगनच्या दोन लिटर डिझेलला कॉमन रेल आली तेव्हा पीझो होते, पुढच्या पिढीत सोलेनॉइड. मर्सिडीजनं तर एकाच चार सिलिंडर डिझेल इंजिनाला आधी पीझो लावले आणि नंतर त्याच इंजिनाला सोलेनॉइड. इतक्या हुशार लोकांनी उगाच पाय मागे घेतला असेल का?

इंजिनिअर : उगाच नाही. पण त्यांनी जुनं सोलेनॉइड परत आणलं नाही, हेही बघा. जुन्या इंजेक्टरमध्ये चेंडूसारखी छोटी गोळी रेलचा पूर्ण दाब अडवून धरायची. दाब वाढला की तिला दाबून ठेवणारी स्प्रिंग कडक हवी, स्प्रिंग कडक झाली की चुंबक मोठा हवा, चुंबक मोठा झाला की सगळंच मंद. नंतरच्या झडपेत डिझेलचा दाब सगळ्या बाजूंनी सारखा पडतो, म्हणून उघडण्याच्या दिशेनं जोर जवळपास उरत नाही. स्प्रिंग हलकी, उचल छोटी, हालचाल चपळ. या एका बदलानं सोलेनॉइड पीझोच्या खूप जवळ आलं आणि किंमत कमीच राहिली. ही पायरी चढायला भाग पाडणारी स्पर्धा मात्र पीझोनं उभी केली.

इथे इंजिनिअर बाईंचे शेवटचे वाक्य मान्य केले तरी त्यांची बाजू पुरी होत नाही. प्रतिस्पर्ध्याला सुधारायला लावले म्हणून एखादे यंत्र टिकवावे, असे कोणी म्हणणार नाही. टिकायचे तर आजचे कारण हवे. ते वेगात सापडणार नाही, हे एका साध्या घटनेवरून दिसते. नळ झटक्यात बंद केला की भिंतीतला पाइप धक्का देतो. रेलपासून इंजेक्टरपर्यंतच्या नळीत दर फवाऱ्यानंतर नेमके हेच होते. सुई मिटते, वाहते डिझेल अडते आणि दाबाची लाट नळीत मागे-पुढे धावू लागते. दुसरा फवारा त्या लाटेच्या माथ्यावर सुटला तर डिझेल जास्त जाते, खळग्यात सुटला तर कमी. झडप दोन्ही वेळा अगदी तेवढाच काळ उघडी होती! साधन जितके चपळ आणि फवारे जितके जवळ, तितके दुसऱ्याचे माप पहिल्याच्या लाटेवर अवलंबून राहते. म्हणजे निव्वळ चपळाईने अचूकता येत नाही, काही वेळा ती बिघडते. नोझलची झीज, टोकाच्या भोकांवर साचणारे काजळीचे थर, तापमानाने पातळ होणारे डिझेल हे सगळे त्यात भर घालते. कंट्रोल युनिटला यातले काहीच दिसत नसेल, तर ते कारखान्यात बसवलेल्या तक्त्यावर विसंबून आंधळेपणाने हुकूम देत राहते.

डेन्सो कंपनीने यावर काढलेला मार्ग म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या आय-आर्ट रचनेत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावरच दाबमापक असतो. फवाऱ्याबरोबर दाब कसा पडला ते पाहून प्रत्यक्षात किती डिझेल गेले याचा अंदाज बांधला जातो आणि पुढचा हुकूम सुधारला जातो. व्होल्व्होने २०१३ मध्ये आपल्या दोन लिटरच्या डिझेल इंजिनाला ही रचना २५०० बार दाबासह दिली. ते इंजेक्टर सोलेनॉइडचे आहेत. साधन तेच जुने, पण आता त्याला आपल्या कामाचा निकाल कळतो. इंजेक्टरची प्रत ठरवताना मी पहिला प्रश्न हाच विचारीन: सुई खरोखर कधी उठली आणि कधी मिटली, हे हुकूम देणाऱ्याला कळते का?

या प्रश्नावर पीझोची बाजू वेगाच्या मुद्द्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. क्युरी बंधूंचा मूळ परिणाम गठ्ठ्यात कायम जिवंत असतो: त्याला ढकलले की तो वीज देतो. सुई थेट गठ्ठ्याशी जोडलेली असेल तर ती बैठकीवर आदळताच गठ्ठ्यावरचे बल बदलते आणि त्याची खूण त्याच्याच दोन तारांवरच्या व्होल्टेजमध्ये उमटते. निराळा मापक लागत नाही. शिवाय गठ्ठ्याला जितका विद्युतभार द्यावा त्या बेताने तो लांबतो, त्यामुळे सुई अर्ध्यावर धरून ठेवणेही शक्य होते. सोलेनॉइडला उघड आणि मीट या दोन टोकांमधली जागा मोठ्या कष्टानेच सांभाळता येते. यावर तांत्रिक वाचक हरकत घेईल की आर्मेचर थांबते तेव्हा सोलेनॉइडच्या वेटोळ्यातही खूण उमटते आणि ती वाचलीही जाते. बरोबर आहे. पेट्रोलच्या इंजेक्टरमध्ये आर्मेचर सुईलाच जोडलेले असते, तिथे ती खूण पुरेशी आहे. डिझेलच्या अप्रत्यक्ष इंजेक्टरमध्ये मात्र ती फक्त छोट्या झडपेची बातमी देते, सुईची नाही. अप्रत्यक्ष पीझोलाही हीच मर्यादा आहे. म्हणून माझा दावा सगळ्या पीझोंसाठी नाही. गठ्ठा सुईला थेट हलवतो अशा पीझोसाठी आहे.

मिस्त्री : थेट हलवणाराही येऊन गेला, मॅडम. डेल्फी कंपनीचा, २००८ मध्ये, २००० बारचा. मी मघाशी मर्सिडीजचं म्हटलं ते त्याच्याचबद्दल. त्याला रिटर्नची गळती नाही, सुई थेट गठ्ठ्यावर, सगळं तुमच्या मनासारखं. आणि बदलावे लागले तेही तेच.

इंजिनिअर : बदलावे लागले, हे खरं. पण त्यात गठ्ठा उच्च दाबाच्या डिझेलमध्येच बुडालेला होता. सिरॅमिक दाब कितीही सोसतं, ताण मात्र सोसत नाही. म्हणून गठ्ठा कायम स्प्रिंगनं आवळून ठेवावा लागतो. ओलावा थरांमध्ये शिरला तर शॉर्ट होतो. असल्या नाजूक वस्तूला त्या जागी बसवून लाखो किलोमीटर टिकवणं हे वेगळं आव्हान आहे. त्यावरून थेट हलवण्याची कल्पनाच चुकीची ठरत नाही.

कल्पना चुकीची ठरत नाही, पण टिकाऊपणाला ‘वेगळं आव्हान’ म्हणून बाजूला ठेवणेही मला पटत नाही. मोजमापाची सारी थोरवी दीड लाख किलोमीटरनंतर शिल्लक राहते की नाही, यावरच साधनाचा निर्णय व्हायला हवा. आणि इथे मिस्त्रींची बाजू सगळ्यात बळकट होते, कारण बिघाड त्यांच्या टेबलावर येतो.

मिस्त्री : मग टेबलावरचंच सांगतो. गाडी मिसिंग मारत असली की आमची जुनी सवय काय? इंजिन चालू ठेवायचं, एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा. जो काढल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. पीझोवर ही सवय इंजिनाच्या जिवावर उठते. गठ्ठा भारित असताना तार निघाली तर भार जाणार कुठे? तो लांबलेलाच राहतो, इंजेक्टर उघडा राहतो आणि डिझेल सिलिंडरमध्ये ओतलं जातं. दुसरं, रिटर्नच्या नळ्या काढून बाटल्या लावायच्या आणि कोणता इंजेक्टर जास्त गळतो ते बघायचं, ही सोलेनॉइडवरची हुकमी तपासणी. बॉशच्या पीझोला रिटर्नमध्ये दहा बारच्या आसपास दाब लागतो, नाहीतर तो मधला जोड भरतच नाही. नळी काढली की गाडी सुरूच होत नाही आणि पोरगं सांगतं, साहेब, चारही इंजेक्टर गेले. नवीन बसवला तर त्याच्या अंगावरचा कोड कंट्रोल युनिटमध्ये भरायचा. पीझोला डिझेलच्या मापासोबत व्होल्टेजची दुरुस्तीही त्या कोडात असते. सोलेनॉइडचा इंजेक्टर आम्ही खोलतो, झडप-नोझल बदलतो, शिम लावून उचल जमवतो, बेंचवर चढवून माप काढतो. पीझोचा गठ्ठा गेला की अख्खा इंजेक्टर भंगारात.

इंजिनिअर : यातला निम्मा दोष माहिती न पोचवण्याचा आहे, मिस्त्री, साधनाचा नाही.

मिस्त्री : ज्याची गाडी बंद पडली त्याला तो निम्मा वेगळा काढता येत नाही, मॅडम.

मिस्त्रींच्या या उत्तराला माझ्याकडे तोड नाही. महागड्या जर्मन डिझेल गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेर दुरुस्त होत आहेत, आणि तपासणीची पद्धत व कोड भरण्याची सोय स्वतंत्र गॅरेजपर्यंत पोहोचलेली नसेल तर चांगले इंजेक्टरही भंगारात जातात. महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही: नाशिकला बॉशच्या कारखान्यात इंजेक्टर आणि नोझल बनतात, चाकणला फोक्सवॅगनची डिझेल इंजिने वर्षानुवर्षे गाड्यांत बसली. इंजेक्टर बनवण्याचे कौशल्य आणि तो दुरुस्त करण्याचे ज्ञान यांच्यात इतके अंतर असण्याचे काही कारण नाही. डिझेलमधील पाणी आणि भेसळ हा आणखी एक नेहमीचा आक्षेप. तो दोन्ही जातींना लागू पडतो, कारण २००० बारच्या झडपेतल्या फटी दोन्हीकडे मायक्रॉनमध्येच मोजल्या जातात. उत्तर फिल्टरमध्ये आहे.

शिशाचा मुद्दा मात्र पीझोचा एकट्याचा आहे. पीझेडटीच्या वजनात ६० टक्क्यांहून जास्त शिसे असते. ७ मिलिमीटर रुंदीचा चौकोनी, ३० मिलिमीटर लांबीचा गठ्ठा धरला तर त्यात सातेक ग्रॅम, चार सिलिंडरांच्या गाडीत ३० ग्रॅमच्या आत. गाडीच्या बॅटरीत काही किलो शिसे असते, त्यापुढे हे किरकोळ वाटेल. पण बॅटरीतले शिसे भंगारवाल्यांकडून वितळून परत वापरात येते, सिरॅमिकमधले येत नाही. पर्याय मिळेपर्यंत युरोपच्या नियमांनी अशा सिरॅमिकला सूट दिली आहे. ती सूट कायमची समजून रचना करू नये.

आता बीएमडब्ल्यूच्या माघारीकडे पुन्हा पाहू, कारण तीत मला सगळ्यात उपयोगी पुरावा दिसतो. २००६-०७ च्या त्या पेट्रोल इंजेक्टरांत गठ्ठा सुईला थेट बाहेर ढकलत असे आणि २०० बार दाबाचे पेट्रोल पोकळ शंकूच्या आकारात स्पार्क प्लगजवळ सुटत असे. उरलेल्या सिलिंडरात जवळपास हवाच ठेवून प्लगपाशी तेवढे पेटेल असे मिश्रण करण्यासाठी, म्हणजे विरळ ज्वलनासाठी, ही रचना होती. त्या ज्वलनाला नायट्रोजनची ऑक्साइडे पकडणारा खास उत्प्रेरक लागतो आणि पेट्रोलमधल्या गंधकाने तो निकामी होतो. म्हणून बीएमडब्ल्यूचे विरळ ज्वलनाचे इंजिन युरोपात विकले गेले आणि जास्त गंधकाच्या अमेरिकी पेट्रोलसाठी दिले गेले नाही. पुढच्या इंजिनात कंपनीने विरळ ज्वलन सोडून सर्वत्र एकसारखे मिश्रण स्वीकारले. त्या मिश्रणाला प्लगजवळच्या बारीक शंकूची गरजच नव्हती, म्हणून सोलेनॉइड पुरले. मर्सिडीजने मात्र २०१० नंतरच्या आपल्या व्ही-६ पेट्रोल इंजिनांतही पीझो ठेवले. पीझो इथे सोलेनॉइडशी हरला नाही. ज्या ज्वलनासाठी तो आणला होता ते ज्वलनच सोडून देण्यात आले.

मिस्त्री : म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांना सोलेनॉइडच बरा, एवढंच ना?

इंजिनिअर : आजच्या बहुतेकांना, हो. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल एकसारखं मिसळून जाळायचं असेल तर मी पीझो मागणार नाही. पण आपल्याकडं एप्रिल २०२० पासून इंधनातलं गंधक दहा लाखांत दहा भागांवर आलं आहे. विरळ ज्वलनाला जी अडचण होती तिच्यातला मोठा भाग त्यामुळे गेला. उद्या कुणी तसं इंजिन काढलं, तर थेट हलणारा पीझो मला हवाच असेल.

मिस्त्री : काढा की. फक्त तपासणीची पद्धत गाडीबरोबर आमच्यापर्यंत येऊ द्या. आणि लाखभर किलोमीटरनंतर त्याच हुकमाला किती डिझेल सुटतं, तो आकडा आधी दाखवा.

दोन्ही मागण्या रास्त आहेत, आणि दुसरी पूर्ण करणे थेट हलणाऱ्या पीझोला तत्त्वतः सोपे आहे. सुई मिटल्याची खूण दर फवाऱ्याला त्याच्याच तारांवर येत असते. ती साठवली, तर लाखभर किलोमीटरमध्ये माप किती ढळले याची नोंद गाडीतच तयार होते. ती नोंद स्कॅनरवर कोणत्याही गॅरेजला वाचता यावी, अशी अट निर्मात्यांवर घालायला हवी. ज्या रचनेला ती देता येत नाही, तिने आय-आर्टसारखा मापक लावावा.